कोणत्या सीरिजचा कुठला एक एपिसोड तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतो?

माझं उत्तर बऱ्याच जणांना पटणार नाही, पण 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन क्राइम सीरिजच्या तिसऱ्या सीझनमधला दहावा, 'फ्लाय' (२०१०). स्टोरी काय तर ड्रग्ज बनवायच्या लॅबमध्ये एक माशी शिरलीय आणि सीरिजचा हिरो वॉल्टर तिच्या मागे लागलाय, बस्स. बजेट हाताबाहेर गेलं होतं म्हणून जवळजवळ सगळा एपिसोड एकाच सेटवर, दोनच माणसांवर काढला. लोकांना जाम बोअर होतो, आयएमडीबी या रेटिंगच्या साइटवर या सीरिजचं सगळ्यात कमी रेटिंगही ह्यालाच. पण वॉल्टरचा पार्टनर जेसी त्याला कॉफीत झोपेच्या गोळ्या घालून देतो ना, त्यानंतर वॉल्टर पेंगत पेंगत आपण नेमकं कधी मरायला हवं होतं ते सांगत बसतो आणि बोलता बोलता जेनचा (जेसीची गर्लफ्रेंड, तिला वॉल्टरने डोळ्यांदेखत मरू दिलं होतं आणि जेसीला ते माहीतच नाही) विषय निघतो, तेव्हा हा आता सगळं ओकतो की काय म्हणून आपलाच घसा कोरडा पडतो, आणि जेसी बिचारा शिडीवर चढून माशी मारायच्या नादात, शिडी धरलीय वॉल्टरनेच! दिग्दर्शक रायन जॉन्सन, पुढे २०१३ ला याच सीरिजचा 'ओझिमॅन्डियस' हा एपिसोड पण त्यानेच केला, तो तर सगळ्यांनाच आवडतो त्यावर मी वेगळं काय लिहिणार. फक्त आधीचं काही न बघता डायरेक्ट 'फ्लाय' लावू नका, डोक्यावरून जाईल.