अक्षम्य पापाची भीती: मार्काचा तिसरा अध्याय सलग वाचा

प्रार्थना करताना पवित्र आत्म्याविषयी एक घाणेरडा शब्द मनात आला, आता आपल्याला कधीच क्षमा नाही असे वाटते आणि म्हणून तीन महिने आपण प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ मंडळीत घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षरस) घेतलेले नाही, असे आपण लिहिले आहे. या भीतीत मी स्वतः जवळजवळ दोन वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पवित्र आत्म्याविषयी दुर्भाषण करणाऱ्याला कधीच क्षमा नाही, या ज्या वचनाने आपली झोप उडवली आहे, ते मार्काच्या शुभवर्तमानातील ३:२९ एकटे वाचू नका. त्याच्या आधीच्याच वचनात मनुष्यांना सर्व पापांची आणि दुर्भाषणांची क्षमा होईल असे येशू म्हणतो, आणि ३०व्या वचनात त्याच्या इशाऱ्याचे कारण दिले आहे: ‘ह्याला अशुद्ध आत्मा लागला आहे’ असे शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे पंडित, येशूविषयी म्हणत होते. ‘म्हणत होते’ हे रूप महत्त्वाचे आहे, कारण मूळ ग्रीक क्रियापदही चालू राहिलेली कृती दाखवते. देवाचे काम डोळ्यांसमोर घडत असताना ते सैतानाचे आहे असे त्यांनी जाणूनबुजून ठरवले होते, आणि त्याचे त्यांना जराही दुःख नव्हते. नको असताना मनात घुसलेला आणि आपल्याला रडवणारा शब्द या वृत्तीच्या जवळपासही जात नाही.

या पापाचा नेमका अर्थ काय, याविषयी मंडळीत मतभेद आहेत. काहींच्या मते येशू देहाने पृथ्वीवर असतानाच ते घडू शकत होते; प्राचीन मंडळीतील बिशप ऑगस्टीनने मरेपर्यंत पश्चात्ताप नाकारणे असा अर्थ लावला, आणि मला तोच अधिक पटतो. प्रेषित पौल तर स्वतःला पूर्वीचा निंदक म्हणवतो (१ तीमथ्य १:१३), आणि तरी त्याच्यावर दया झाली. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचीही, म्हणजे पतन झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे या इशाऱ्याचीही, आपल्याला भीती वाटत असेल. तो इशारा ख्रिस्ताला सोडून देणाऱ्यांविषयी आहे, आणि नवव्याच वचनात लेखक आपल्या वाचकांविषयी अधिक चांगल्या गोष्टींची खातरी असल्याचे सांगतो.

जॉन बन्यन या इंग्रज उपदेशकाने १६६६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात अगदी हाच छळ लिहून ठेवला आहे. ‘ख्रिस्ताला विकून टाक’ असे शब्द त्याच्या मनात सारखे उमटत, आणि एकदा थकून त्याने मनातल्या मनात रुकार दिला, तेव्हा एका जेवणासाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकणाऱ्या एसावासारखे आपण कायमचे गमावले असे त्याने धरले. पुढे त्याने आयुष्यभर उपदेश केला.

आता जे मला फार उशिरा कळले ते सांगतो. मी रात्री अंथरुणात क्षमेची एकच प्रार्थना म्हणत असे, आणि एखादा शब्द अडखळला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत असे. कधी हे चाळीस वेळा होई. मला तो पश्चात्ताप वाटे, पण तो मंत्रचळ होता, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात. प्रत्येक खातरजमा घटकाभर शांत करते आणि भीतीला पुन्हा खतपाणी घालते. यावर परिणामकारक उपचार आहेत: विचार आला तरी तो धुऊन काढण्याची कृती न करण्याचा सराव त्यात करवून घेतात, आणि गरज असल्यास औषधही देतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे विश्वासाची उणीव नव्हे. एकाच समंजस पाळकाशी किंवा धर्मगुरूशी मोकळेपणाने बोला, आणि तेच उत्तर दहा जणांना विचारत फिरू नका. माझे हे उत्तरही रोज उघडून वाचू नका.

अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेण्याविषयी पौलाने जो इशारा दिला, तो गरीब बांधव उपाशी असताना पोटभर खाणाऱ्यांना दिला होता. पुढच्या प्रभुभोजनाला तो शब्द पुन्हा येईल, बहुधा भाकर हातात असतानाच येईल. त्याला येऊ द्या, त्याला उत्तर देऊ नका, आणि भाकर खा.