दाराजवळची खुर्ची

प्रिय बाळा,

चर्चच्या पाळकांनी व्यसनमुक्ती गटाचं काम तुझ्यावर सोपवलं आणि तू लगेच विचारलंस, पहिल्या दिवशी बायबलमधलं कोणतं वचन घेऊ? वचनाचं नंतर बघू. आधी खुर्च्या मांड. गोल मांड, आणि दाराला लागून एक रिकामी ठेव. नवा माणूस तिथेच टेकतो. केव्हाही उठून जाता येईल एवढी खात्री असली, की तासभर टिकतो.

या कामाचा उगम तुला माहीत असलेला बरा. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलात अडकला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फसलेलं आणि बार चार पावलांवर. त्याने चर्चच्या यादीतून एका पाळकाला फोन लावला. उपदेश नको होता त्याला. बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा होता. नावाला नाव लागत तो डॉ. बॉब स्मिथपर्यंत पोहोचला आणि दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. दोघंही ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीत जाणारे. आपलं चुकलेलं दुसऱ्यासमोर उघड बोलायची रीत तिथलीच. तीच बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही आहे. पुढे या संघटनेने देव कसा मानायचा ते ज्याचं त्याच्यावर सोडलं. ज्यांना ख्रिस्ताचं नाव घेऊन हीच वाट चालायची होती, त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये १९९१ साली ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ सुरू झालं. त्यांची आठ तत्त्वं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या ‘धन्य ते’ या वचनांवर बेतलेली आहेत.

त्यांचे नियम जसेच्या तसे घे. बोलणाऱ्याने स्वतःपुरतंच बोलायचं, तीन ते पाच मिनिटं. मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. पुरुषांचा गट वेगळा, बायकांचा वेगळा. आणि सगळ्यात अवघड नियम: समोरच्याला दुरुस्त करायला जायचं नाही. चर्चच्या मंडळीतल्या माणसाला हे फार जड जातं. कोणी रडू लागलं की आपला हात आपोआप पवित्र शास्त्राकडे जातो. तो हात मांडीखाली दाबून बस, खरंच सांगतो.

माझी चूक ऐक. एक जण तीन दिवसांपूर्वी एकदम बंद करून आला होता. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता, तरी पाणी शर्टावर सांडत होतं. कपाळावर घाम. मला वाटलं, पश्चात्ताप झालाय. मी डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली आणि विश्वास धर म्हणून घरी पाठवलं. रात्री त्याला भास व्हायला लागले, घरच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. वाचला. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक सोडलं, तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. मी स्वतः पिऊन सोडलेला माणूस, मला हे कळायला हवं होतं. हात थरथरताना दिसले की आधी डॉक्टर. प्रार्थना गाडीत बसून कर. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी ‘आता प्रभू आहे’ म्हणून कोणाला बंद करायला लावू नकोस, कोणी लावत असेल तर तिथल्या तिथे थांबव.

गुप्ततेबद्दल एकच सांगतो. गटातली गोष्ट बाहेर फुटते ती चहाडीतून कमी, प्रार्थना-विनंतीतून जास्त. ‘अमक्या भावासाठी प्रार्थना करा, तो पुन्हा घसरलाय’ असं म्हटलं, की रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळलेलं असतं. मात्र कोणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल तर ते आपण पोटात ठेवणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीतल्या, पेल्यात काय असतं, तेही पाळकांना विचार. टॉमस वेल्च या मेथोडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षांचा रस आंबू नये म्हणून तापवून बाटल्यांत भरला, तो प्रभुभोजनासाठीच. म्हणजे ही अडचण जुनी आहे आणि तोडगाही जुनाच. आपल्याकडे आंबवलेला द्राक्षारसच चालणार असेल, तर नुसती भाकर घेणाऱ्याकडे कोणी वळून बघू नये, एवढं पाहा.

साक्षीची, म्हणजे सगळ्यांपुढे आपला बदल सांगण्याची, घाई मात्र अजिबात नको. दोन महिने न प्यायलेल्या पोराला व्यासपीठावर उभं करतात, टाळ्या पडतात. तिसऱ्या महिन्यात तो घसरला, तर तोंड कुठे दाखवणार? प्यायल्याच्या लाजेहून टाळ्यांची लाज मोठी. असे दोघं आमच्या गटातून निघून गेले. त्यातला एक माझ्या बोलावण्यावरून साक्षीला उभा राहिला होता. तो परत आलाच, तर कुठे होतास म्हणून विचारू नकोस. नाव विचारशील तसं विचार, आज किती दिवस झाले? एक म्हणाला तर एक.

शुक्रवारी अर्धा तास आधी ये. किल्ली माझ्याकडे आहे, आणि कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांचे पाय डुगडुगतात, त्या बाजूला काढू.

तुझा,
काका