सोन्याचं पोट रविवारी दुखत नव्हतं

"मॅडम, मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं तर ते पुढे कुठे नोंदलं जातं का? म्हणजे दहावीला, नोकरीला वगैरे?"

मी समुपदेशक आहे. जुलैतल्या एका दुपारी सांगलीतल्या एका आईने मला फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हा. मुलाला नेमकं काय होतंय, ते नंतर. मुलाच्या चिंतेवर उपचार घ्यायचे की थांबून बघायचं, या पेचात अडकलेले बहुतेक आईबाप इथूनच सुरुवात करतात. म्हणून या घराची गोष्ट सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. मुलाला आपण सोन्या म्हणू. त्याची आजी त्याला तशीच हाक मारते, आणि सांगलीत दर दुसऱ्या घरात एक सोन्या असतोच.

सोन्या नऊ वर्षांचा, चौथीत. सकाळी उठायचा, दूध प्यायचा, दप्तरही भरायचा. कोपऱ्यावर रिक्षावाल्या काकांचा हॉर्न वाजला की पोटात कळ. चार-चार वेळा संडासला, कधी उलटी. रविवारी काहीच नाही, मे महिन्याच्या सुट्टीत तर अजिबात नाही. रक्ताच्या तपासण्या झाल्या, दोनदा सोनोग्राफी झाली, जंतांचं औषध झालं. आजीने बेंबीभोवती हिंग लावला, मीठमोहरीने दृष्ट काढली. शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच सांगितलं, "पोट ठणठणीत आहे. मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

त्यानंतर माझ्याकडे यायला या घराला चार महिने लागले. कारण अर्थात वरचा प्रश्न. आई तोवर शाळेच्या आवारात लिंबाखालच्या कट्ट्यावर मधल्या सुट्टीपर्यंत बसायला लागली होती. सोन्या खिडकीतून तिच्या ओढणीचा रंग बघून घ्यायचा आणि मग वहीत बघायचा.

"नाटकं करतो," बाबा पहिल्याच भेटीत म्हणाले. "मी पण लहानपणी असाच होतो. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. आपोआप सुटलं."

माझं केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे आणि बाबा घामाघूम झाले होते. मी विचारलं, लिफ्ट बंद आहे का? "नाही, मी लिफ्टने जात नाही." आईने माझ्याकडे बघितलं. मी विषय बदलला. घरात एकाला चिंतेचा त्रास असला तर मुलांमध्ये तो येण्याची शक्यता वाढते, हे सांगायला तो दिवस बरोबर नव्हता.

नाटकाबद्दल मात्र तेव्हाच बोलले. ही कळ खरी असते. धोका आहे असं मेंदूला वाटलं की तो सगळ्या शरीराला इशारा देतो. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आतड्यांची हालचाल बदलते. मोठी माणसं "टेन्शन आलंय" म्हणतात, नऊ वर्षांचं पोर "पोट दुखतंय" म्हणतं. त्याच्याकडे तेवढाच शब्द असतो.

दुसऱ्या भेटीत सोन्याला घराचं चित्र काढायला सांगितलं. घर, तुळस, सायकल. मग दाराशी त्याने पेन्सिलने खूप वेळ काहीतरी गिरवलं, लहान लहान लांबट आकार, एकावर एक. मला वाटलं दगड.

"चपला," तो म्हणाला. "आजोबा गेले तेव्हाच्या."

आजोबा डिसेंबरात गेले, सोन्या शाळेत असताना. तो रिक्षातून उतरला तर दारात चपलांचा ढीग. आत जाऊ न देता त्याला शेजारच्या काकूंकडे नेऊन बसवलं, पोहे दिले, टीव्ही लावून दिला. कुणी काही सांगितलं नाही. लहान आहे, घाबरेल म्हणून. त्याने स्वतःच हिशेब मांडला: आपण शाळेत गेलो की घरी कुणीतरी जातं. तेव्हापासून दुपारी रिक्षा वळणावर आली की तो आधी दारातल्या चपला मोजायचा. हे आठ महिने घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई तिथेच रडली.

जवळच्या माणसापासून दूर गेलं की त्याचं काहीतरी वाईट होईल, ही धास्ती लहान मुलांत काही काळ असतेच. ती चार आठवड्यांहून जास्त टिकली आणि तिच्यापायी शाळा, झोप, खेळ बिघडायला लागलं, तर वाट बघत बसू नये.

मग काम सुरू झालं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त घरच्यांचं होतं. हे पालकांना पटवणं सगळ्यात कठीण. आई कट्ट्यावर बसायची, शाळेच्या ऑफिसातून तीनदा फोन आला की तीनदा "मी बरी आहे रे" म्हणायची, रात्री त्याला बिलगून झोपायची. सगळं मायेपोटी. पण आई बरी आहे ती फोन केल्यामुळेच, असंच त्याच्या मनात दर वेळी पक्कं होत होतं. आईने आता वेगळं उत्तर द्यायचं ठरलं: "तुला काळजी वाटतेय हे कळतंय मला. आणि तुला ती सोसता येते, हेही मला माहीत आहे." पहिल्या दिवशी हे म्हणताना तिचाच आवाज फुटला.

सोन्याबरोबर मी पायऱ्या आखल्या. आई कट्ट्यावर, मग फाटकाबाहेर, मग चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानाशी, मग घरी. प्रत्येक पायरीवर काळजीचा आकडा शून्य ते दहा. कळ आली की पळायचं नाही. थांबायचं आणि दहा मिनिटांनी आकडा परत बघायचा. तो खाली येतो, हे मी सांगून उपयोग नव्हता, त्याला ते बघायला लागणार होतं. आठाचे पाच झाले तेव्हा त्याने मला विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, तूच की.

इथे माझी एक चूक झाली. दिवसातून एक फोन चालेल, असं मी कबूल करून बसले. आठवडाभरात सोन्याचा सगळा दिवस त्या एका फोनभोवती फिरायला लागला, सकाळपासून घड्याळाकडे डोळे. ती परवानगी मागे घेताना जो गोंधळ झाला तो टाळता आला असता.

दीड महिन्यात आई झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचली, पण रात्र सुटेना. दचकून उठायचा, आजीच्या नाकाशी हात धरून श्वास बघायचा. औषध देणं समुपदेशकाच्या हातात नसतं, द्यायचं की नाही ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. मी चिठ्ठी दिली आणि बाबा उठूनच उभे राहिले. "गोळ्या नकोत. सवय लागली की आयुष्यभर."

ही भीती अगदीच हवेतली नाही. झोपेच्या आणि तात्पुरत्या शांततेच्या काही गोळ्यांची सवय लागते. मुलांच्या चिंतेसाठी सहसा देतात ती सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीनसारखी औषधं वेगळ्या गटातली. त्यांची तशी चटक लागत नाही, परिणाम दिसायला काही आठवडे जातात. सुरुवातीच्या दिवसांत मुलगा जास्त चिडचिडा, अस्वस्थ झाला किंवा मरण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

बाबा पतसंस्थेत हिशेब बघतात, म्हणून मी त्यांच्यापुढे आकडे ठेवले. अमेरिकेत ४८८ मुलांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या थेरपीने, म्हणजे गोळीशिवाय बोलून आणि सरावाने केलेल्या उपचाराने, शंभरातल्या साधारण ६० मुलांना चांगला फरक पडला, नुसत्या सर्ट्रालीनने ५५, दोन्ही मिळून ८१. औषध नसलेल्या गोळीने २४. "म्हणजे थेरपी सोडायची नाही," ते म्हणाले. बरोबर वाचलं होतं त्यांनी.

गोळी सुरू झाली, रात्री निवळल्या. दिवाळीत गावाला गेल्यावर कुणी नातेवाईक म्हणाले, "चांगला तर आहे पोरगा," आणि गोळी एकदम बंद झाली. चार दिवसांत चक्कर, रडारड, परत सगळं. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायचं असतं. आणि मूल बरं झाल्याबरोबर नाही, काही महिने नीट गेल्यावर.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं. दहावीच्या किंवा कुठल्याच मार्कलिस्टवर असलं काही छापून येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम २३ ने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. सोन्याच्या शाळेत फक्त वर्गशिक्षिकेला सांगितलं, तेही आईबाबांनी ठरवून, त्याला चिडवलं जाऊ नये एवढ्यापुरतं. जवळपास कुणी नसेल किंवा फी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभागात चौकशी करा. १४४१६ हा टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

जानेवारीत शाळेची सहल पन्हाळ्याला गेली. पहाटे साडेपाचला बस, परत यायला रात्र. सोन्या खिडकीची जागा पकडून बसला आणि हात हलवायचा विसरला.

अकरा वाजता आईचा फोन. "मॅडम, तो गेला व्यवस्थित. पण इकडे माझ्याच पोटात गोळा आलाय. सरांना एक फोन लावू का?"

"आकडा किती?"

ती हसली. "आठ."

"दहा मिनिटांनी परत बघा."

परत फोन आला तो रात्री साडेनऊला. सोन्या दारातच बुटांसकट झोपला होता.