ग्रॅज्युएशनला ४७ टक्के, मग बी.एड. विसरायचं का?

बी.एड.च्या सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, फॉर्म सुटले की माझ्याकडे येणारे निम्मे फोन एकाच प्रश्नाचे असतात. "मॅडम, मला ग्रॅज्युएशनला पन्नास टक्के नाहीत, माझं होईल का?" आवाज वेगळा, टक्के वेगळे, कोणाचे ४७, कोणाचे ४९.६, पण सूर तोच, आधीच हरलेला. त्यातली एक केस लिहितेय कारण तिच्यात या प्रश्नाची उत्तरं तर आहेतच, पण न विचारलेल्या प्रश्नांचीही आहेत. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

मुलगी केमिस्ट्रीची, ओपन कॅटेगरी. बीएस्सीला दुसऱ्या वर्षी घरात आजारपण निघालं, विषय राहिले, शेवटी डिग्री ४७ टक्क्यांवर आली. मग दोन वर्षं लॅबमध्ये नोकरी, तिथून एमएस्सी आणि एमएस्सी मात्र व्यवस्थित, चांगल्या ग्रेडने. सोबत तिचा दादा आला होता, सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये क्रमाने लावून. बोलत होता तोच. त्याने दोन रस्ते शोधून ठेवले होते, एक म्हणजे एका नातेवाइकाने सांगितलेला, मुक्त विद्यापीठातून पुन्हा बीए करायचं, तीन वर्षं, आणि यावेळी पन्नासच्या वर काढायचे. दुसरा एका एजंटचा, परराज्यातलं कॉलेज, "मार्कांचं बघून घेऊ, कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या." यातलं कोणतं बरं, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं.

मी म्हटलं आधी एमएस्सीचं मार्कशीट काढा. ते फाइलमध्ये सगळ्यात खाली होतं! कारण घरात सगळे धरूनच चालले होते की बी.एड.ला ग्रॅज्युएशनचेच मार्क बघतात.

तर नियम असा आहे. शिक्षक प्रशिक्षणाचे निकष ठरवते एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, आणि त्यांच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड.साठी पदवीला किंवा पदव्युत्तरला, दोन्हीपैकी एकीकडे ५० टक्के असले तरी भागतं. म्हणजे बीएस्सी ४७ आणि एमएस्सी ५८ असेल तर तुम्ही पात्र आहात, वेगळी बीए करायची काही गरज नाही. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ही अट ४५ ची आहे. इंजिनिअरिंग करून शिक्षक व्हायचं म्हणणाऱ्यांना मात्र ५५ लागतात, हे बऱ्याच बी.ई.वाल्यांना फॉर्म भरताना कळतं आणि मग धावपळ होते.

दादाने फाइल मिटली आणि पाणी मागितलं. तीन वर्षांचा प्लॅन एका ओळीत गेला म्हटल्यावर माणसाला घसा कोरडा पडल्यासारखं होणारच.

पण पात्र आहे म्हणजे झालं असं नाही, कागदावर ते दिसायला हवं. तिची एमएस्सी होती ग्रेड पॉइंटवर, टक्के छापलेलेच नव्हते. अशा वेळी लोक सरळ दहाने गुणतात आणि फॉर्ममध्ये तो आकडा टाकतात. तसं करू नका, प्रत्येक विद्यापीठाचं ग्रेडवरून टक्के काढायचं स्वतःचं सूत्र असतं आणि कागदपत्रं तपासताना ते विद्यापीठाचं कन्व्हर्जन सर्टिफिकेट मागतात, ते आधीच अर्ज करून हातात ठेवा. आणि ४९.६ वाल्यांनो, "जवळपास पन्नासच की" हे आपण घरी म्हणतो, प्रवेशाच्या टेबलावर कोणी म्हणत नाही. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना सीईटी देता येते, फक्त प्रवेशाच्या वेळेपर्यंत निकाल लागलेला हवा.

एवढं झालं आणि दोघं उठायला लागले. मी थांबवलं, कारण माझा खरा प्रश्न पुढे होता. तिला विचारलं, तुला शिकवायचंय कोणाला?

ती पहिल्यांदा नीट बोलली. लहान मुलांना. पहिली ते चौथी. जिल्हा परिषदेची शाळा मिळाली तर उत्तमच, शेजारच्या मुलांचा अभ्यास ती घ्यायची, त्यात तिला मजा यायची.

आता इथे मोठी गोची आहे आणि ती फारशी कोणी आधी सांगत नाही. बी.एड. करून पहिली ते पाचवीला शिक्षक होता येत नाही. मध्ये काही वर्षं येत होतं, २०१८ मध्ये एनसीटीईने अधिसूचना काढून बी.एड.वाल्यांना प्राथमिकचा दरवाजा उघडला होता, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करा या अटीवर. पण सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ ला तो बंद केला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की लहान मुलांना शिकवायचं प्रशिक्षण वेगळं असतं, ते डी.एल.एड.मध्ये, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.मध्ये, दिलं जातं, बी.एड. हे मोठ्या वर्गांसाठी बनवलेलं आहे, आणि दर्जेदार प्राथमिक शिक्षण हा मुलांचा हक्क आहे.

दादाला हे पटेना. "पण मॅडम, डी.एड. तर बारावीवर होतं, बी.एड. त्याच्यापेक्षा मोठं ना? मोठं केलेल्याला लहान का जमू नये?" हा प्रश्न मला आई-वडील, सासरे, सगळे विचारतात आणि त्यात चूक काही नाही, आपल्याकडे कोर्सची उतरंडच तशी मनात बसलीय. पण सहा वर्षांच्या मुलाला अक्षर ओळखायला शिकवणं आणि दहावीच्या वर्गात रासायनिक समीकरण समतोल करायला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, एक येणाऱ्याला दुसरं आपोआप येतं असं नाही. माझ्या मते कोर्टाचा निकाल बरोबरच आहे, फक्त ज्यांनी मधल्या काळात बी.एड. करून प्राथमिकची तयारी केली त्यांची फरफट झाली हेही खरं.

मग आम्ही तिचे पर्याय मांडले. प्राथमिकच हवं असेल तर डी.एल.एड., दोन वर्षं, बारावीच्या मार्कांवर, एमएस्सीचा तिथे उपयोग नाही. बी.एड. केलं तर सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, नववी-दहावीला विज्ञान, आणि अकरावी-बारावीला केमिस्ट्री, कारण ज्युनिअर कॉलेजला त्या विषयातली मास्टर्स पन्नास टक्क्यांनी आणि वर बी.एड. लागतं आणि तिच्याकडे मास्टर्स होतीच. म्हणजे ज्या मार्कशीटला फाइलमध्ये तळाची जागा मिळाली होती त्यावर प्रवेशही होता आणि पुढची नोकरीही.

मी लगेच ठरवू दिलं नाही. ओळखीच्या शाळेत परवानगी काढून थोडे दिवस नववीच्या वर्गात मागे बसून ये म्हटलं, जमलं तर एखादा तास घे. हे मी बहुतेक सगळ्यांना सांगते कारण "मला मुलं आवडतात" आणि "मला पन्नास मुलांसमोर चाळीस मिनिटं उभं राहता येतं" यात बरंच अंतर आहे. ती गेली, आली आणि म्हणाली बी.एड.च करते. लहान मुलांच्या बाबतीत तिला जे आवडायचं ते म्हणजे त्यांचे "का?", आणि नववीतली मुलंही "का" विचारतात, फक्त जरा टोमणा मारून.

राहिला तो एजंट. दादाचं मन अजून तिकडे थोडं ओढत होतं, सीईटीचं टेन्शन नको म्हणून. मी त्याला एवढंच सांगितलं की दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत इंटर्नशिप असते, वर्गाला ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, मग "यायची गरज नाही" म्हणणारा नेमकं काय विकतोय ते तूच बघ. कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का हे तर कुठल्याही राज्यात आधी तपासायचंच. आणि दूरस्थ बी.एड. असतं, पण ते आधीच प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांसाठी, नुसत्या ग्रॅज्युएटला ते मिळत नाही. सीईटीला घाबरायचं म्हणाल तर शंभर मार्कांचा बहुपर्यायी पेपर आहे, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान आणि शिक्षकी कल, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. केमिस्ट्रीची एमएस्सी केलेल्या मुलीने याला घाबरावं, म्हणजे काय!

पुढचं गणितही तेव्हाच सांगून टाकलं, म्हणजे बी.एड. झाल्यावर धक्का नको. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर, दीडशे मार्कांचा, ओपनला ६० टक्के म्हणजे ९० मार्क. सरकारी आणि अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून, त्याला टेट म्हणजे अभियोग्यता चाचणीचे मार्क. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, नावं सारखी आहेत म्हणून दरवर्षी कोणीतरी एकीचा अभ्यास करून दुसरीला बसतं.

निघताना दादाने मोबाइल पुढे केला. एक वर्षाचं बी.एड. परत येतंय अशी बातमी होती, मग थांबायचं का? एनसीटीईने २०२५ मध्ये तसा मसुदा काढलाय खरा, चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर झालेल्यांसाठी, म्हणजे त्यात तीही बसली असती. पण मसुद्यावर कोणी ॲडमिशन देत नाही. जे चालू आहे त्याचा फॉर्म भरा, एक वर्षाचं आलंच तर तेव्हा बघू, असं म्हटलं. फॉर्म त्याच आठवड्यात भरला, कन्व्हर्जन सर्टिफिकेटसाठी विद्यापीठात दादाच गेला.