मित्राने अमेरिकेतून साताऱ्याला आणलेली 'ऑटम ब्राऊन एल' ही बिअर गोडसर लागते, कडवटपणा जवळजवळ नाहीच. खराब झाली आहे का?

नाही, ब्राऊन एल बहुधा गोडसरच असते. तिच्यात हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा बहुधा मुद्दाम कमी ठेवतात आणि सगळी मजा भाजलेल्या बार्ली माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) असते. पावाची खरपूस कड, काकवी, भाजलेले शेंगदाणे, कधी कोकोची झाक. आपल्या कंदी पेढ्याचा खवा परतून परतून तांबूस होतो, तोच खरपूसपणा इथे माल्टमधून येतो. ब्रुअरीत काम करताना हे रोज चाखलंय, म्हणून सांगतो: फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका. बर्फगार एलला वासच येत नाही. ग्लासात ओतून १०–१५ मिनिटं थांबा (ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याहून कमी), साधारण १० ते १३ अंशांवर ती खुलते. आधी वास, मग छोटा घोट. लागरसारखी (नेहमीच्या हलक्या, थंडगार बिअरसारखी) गटागटा नको. दालचिनी-जायफळ जाणवलं तर दचकू नका, तिकडच्या शरद ऋतूतल्या बिअरमध्ये बऱ्याचदा मसाला घालतात. मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बाटली प्रवासात तापलेली किंवा जुनी असेल; व्हिनेगरसारखा आंबटपणा आला, तर तिच्यात जंतू शिरले असतील. मग सरळ ओतून द्या.