पुतळा हलवला की इतिहास पुसला जातो?

प्रश्न : वादग्रस्त माणसाचा पुतळा चौकातून काढून संग्रहालयात ठेवणं म्हणजे इतिहास पुसणंच ना?

उत्तर : मला तसं वाटत नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचं उदाहरण बघा. एडवर्ड कोल्स्टन गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत मोठ्या पदावर होता. तो वारला 1721 मध्ये, पुतळा उभारला 1895 मध्ये. खालच्या पाटीवर त्याला शहराचा सद्गुणी आणि सुज्ञ सुपुत्र म्हटलं होतं. गुलामांबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे पुसापुशी आधीच झाली होती! खुलाशाची नवी पाटी लावायचं ठरलं, पण मजकुरावरच घोडं अडलं. एकेका शब्दाची धार बोथट करत गेले आणि ती पाटी लागलीच नाही. 7 जून 2020 ला लोकांनी पुतळा ओढून पाडला आणि बंदरात ढकलला.

आता तो तिथल्या एम शेड संग्रहालयात आहे. उभा नाही, आडवा. लोकांनी अंगावर फासलेला लाल-निळा रंग मुद्दाम जपलाय. मला हे मनापासून पटतं, कारण व्यापार, गौरव आणि संताप हे तिन्ही तिथे एकत्र दिसतात. (पाण्यातून काढल्यावर आत 1895 चं एक मासिक सापडलं, त्यावर पुतळा बसवणाऱ्यांची नावं हातानं लिहिलेली. चौकात असताना हे कुणाला कळलं असतं?)

मात्र नुसतं हलवून भागत नाही. पाटीचा मजकूर ठरवताना ज्यांच्या पूर्वजांनी सोसलं, त्यांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. सगळं ठरल्यावर सहीपुरतं नको.