"मॅडम, माझ्या हाताला गुणच नाही"

"सगळं वाचलंय, पण कॅथलॅबमध्ये हात चालत नाही." कॅथलॅब म्हणजे अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करायची खोली. डीएम कार्डिऑलॉजी, म्हणजे एमडीनंतरचं हृदयरोगाचं शिक्षण करणाऱ्या आणि समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या निवासी डॉक्टरांकडून मी हे इतक्यांदा ऐकलंय, की आता लिहायलाच हवं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्यांतलेच हे एक डॉक्टर, डीएमच्या दुसऱ्या वर्षाला होते. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची 3, आणि आता ही 3. मनगटातून अँजिओग्राफी करताना रुग्णाची धमनी आकसली, नळीला वाट दाखवणारी बारीक वायर अडली. सर म्हणाले, "बाजूला हो." रुग्णाला काही झालं नाही. पण तेव्हापासून हे दर केसला काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या नंबरवर उभे राहू लागले.

"सरांच्या हाताला गुण आहे. माझ्या नाही."

"सरांचा हात पहिल्या वर्षी कसा होता, विचारलंत कधी?"

"असं कुणी विचारतं का, मॅडम?"

रुग्ण कौतुकाने 'हातगुण' म्हणतात आणि डॉक्टरच ते खरं धरून बसतात. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारांची, म्हणजे मनातल्या हट्टी समजुती तपासून पाहणारी. माणूस घटनेपेक्षा स्वतःला घातलेल्या अटीने जास्त खचतो, असं मी मानते. यांची अट होती, माझ्या हातून अडताच कामा नये. अँड्रियास ग्रुंटझिगने 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून ती रुंद करण्याची, म्हणजे हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी केली. त्याआधी कित्येक संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर असे फुगे बनवत बसायचा. हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं, पण परीक्षेपुरतं.

चौथ्या भेटीत मी टेबलावरची चार्जरची केबल त्यांच्या हातात दिली. "त्या दिवशी काय झालं, दाखवा." अंगठा-तर्जनीत केबल आली आणि आवाजच बदलला. "इथे अडली. अडली की ढकलायची नाही. थांबायचं. टोक कुठे आहे ते स्क्रीनवर बघायचं. जरा मागे घ्यायची, औषध द्यायचं, धमनीला सैल व्हायला वेळ द्यायचा. मग हलकेच फिरवत पुढे." बोटं जराही थरथरत नव्हती.

"आणि तुम्ही स्वतः अडलात की काय करता?"

बराच वेळ पंख्याचा तेवढा आवाज. मग केबल खाली ठेवत म्हणाले, "ढकलतो."

उत्तर त्यांच्याच बोटांत होतं, मी फक्त केबल दिली. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले.

अशा डॉक्टरांना मी सांगते, अडलेली केस त्याच दिवशी सरांपुढे काढा, आठवडाभर मनात घोळवू नका. "कुठे चुकलं" याआधी "काय दिसत होतं" ते लिहा. रात्रभर प्रायमरी (हार्ट अटॅक आलेल्यांची तातडीची अँजिओप्लास्टी) करून आलात तर सकाळी तसं स्पष्ट सांगा. ते रुग्णाच्याच हिताचं असतं. वरिष्ठांनो, "बाजूला हो" म्हणावंच लागतं, पण संध्याकाळी 5 मिनिटं त्याच्याशी बोला. घरच्यांनी "सेटल कधी होणार" हे तूर्त विचारू नये. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

परवा त्यांचा निरोप आला. वायर पुन्हा अडली होती. थांबले, औषध दिलं, वाट पाहिली आणि मग आपणहून सरांना हाक मारली. केस सरांनीच पूर्ण केली. पुढे लिहिलं होतं, "रात्री झोप लागली."